होता, होती, होते

वाचकाचं पत्र:

आदरणीय ताई,

मी लातूर जिल्ह्यात कृषी सहायक आहे. नोकरीची बावीस वर्षं पंचनामे, पीक पाहणी आणि अहवाल लिहिण्यात गेली. दोन वर्षांपासून स्वतःसाठी लिहायला लागलोय. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या दिवसांवर अकरा पानांचा लेख लिहिला आणि एका शिक्षक मित्राला दाखवला. तो म्हणाला, व्याकरणाची एकही चूक नाही. पण तिसऱ्या पानापुढं तो गेलाच नव्हता, हे त्याच्या बोलण्यावरून कळलं. माझी मुलगी स्पष्ट बोलते. ती म्हणाली, “बाबा, चांगलं आहे, पण वाचताना दम लागतो.” मग मी सगळी वाक्यं तोडून लहान केली. आता ती म्हणते, “उचकी लागल्यासारखं वाटतंय.” लेखनाला लय हवी असं सगळेच सांगतात. कवितेतली लय कळते. गद्यात ती कुठून आणायची? दोन्ही खर्डे सोबत जोडलेत.

एक वाचक, लातूर जिल्हा

भाऊ,

आधी लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. दम लागणं आणि उचकी लागणं, दोन्ही तक्रारी श्वासाच्या आहेत, आणि दोन्ही अचूक आहेत. आपलं लिखाण नेमकं कुठं अडतंय हे सांगणारं माणूस घरात असणं ही चैन आहे. माझ्या वाट्याला ती आली नाही. आमच्याकडं मी काही वाचायला दिलं की सगळे “छान आहे” म्हणतात आणि पेपरातलं शब्दकोडं सोडवायला घेतात.

दोन्ही खर्डे वाचून झाल्यावर मी एक उद्योग केला. लाल पेन घेतलं आणि पहिल्या दोन पानांतल्या प्रत्येक वाक्याच्या फक्त शेवटच्या शब्दाभोवती गोल काढला. पहिल्या खर्ड्यात त्या दोन पानांत बारा वाक्यं निघाली. अकरा गोलांत होता, होती नाहीतर होते. दुसऱ्या खर्ड्यात त्याच मजकुराची चाळीस वाक्यं झाली आहेत आणि चौतीस गोलांत पुन्हा तेच तिघे. म्हणजे तुम्ही वाक्यं तोडली, शेवट मात्र होते तसेच ठेवले. आधी ढोल मिनिटाला एकदा वाजायचा, आता दर दोन सेकंदाला वाजतो. ठोका तोच.

‘छोटी वाक्यं लिहा’ हा सल्ला सगळीकडं फुकट मिळतो. खोटा नाही तो, पण मराठी लिहिणाऱ्याला अर्धाच पुरतो. माझ्या मते आपल्या गद्याची लय वाक्याच्या लांबीपेक्षा त्याच्या शेवटात जास्त असते. इंग्रजीत क्रियापद कर्त्याला खेटून येतं आणि वाक्य कशावरही संपतं, माणसावर, गावावर, वस्तूवर. त्यामुळं तिथं शेवट आपोआप वेगवेगळे पडतात. आपल्याकडं कर्ता येतो, कर्म येतं, कधी, कुठं, कसं हे सगळं येऊन बसतं आणि मग क्रियापद येऊन दार लावतं. शंभर दारं एकाच आवाजात लागली की ऐकणारा पेंगतो. त्यात वाचणाऱ्याला क्रियापद येईपर्यंत सगळं डोक्यावर धरून चालावं लागतं. घागरीवर घागर, तिच्यावर कळशी. तुमच्या लेकीला दम लागतो तो यानं.

जुने मोडी लिपीतले कागद कधी बघितलेत का? लिहिणारा आधी आडवी रेघ ओढायचा आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचा. शब्दांमधे जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. आज आपण वापरतो ती विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वाटेनं आली, त्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा. पण त्याआधीही वाचणाऱ्याला वाक्य कुठं संपलं ते कळत होतंच की. क्रियापदावरून कळत होतं. आपल्या भाषेत थांबा आधीपासून क्रियापदात आहे, टिंब मागाहून आलं. म्हणून नुसती टिंबं वाढवून तुमचा दुसरा खर्डा सुधारला नाही.

हे मी कुठल्या वर्गात शिकले नाही. ऐंशीच्या दशकात एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून लागले, तेव्हा छपाई खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांची होती. माझ्या हातात प्रूफ असायचं आणि समोर बसलेला माणूस मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा. त्याला कॉपीहोल्डर म्हणत. आमचे कॉपीहोल्डर साठीला आलेले, त्यांना सगळे मामा म्हणायचे, आणि मामांना दमा. एक बातमीदार असा होता की त्याचा कागद हातात आला की मामा आधी तांब्याभर पाणी पिऊन घ्यायचे. दोन ओळींत धाप लागायची, चष्मा काढून ठेवायचे, मला म्हणायचे, “बाई, हा माणूस जेवताना तरी थांबत असेल का?” दुसऱ्या एकाची वाक्यंही तेवढीच लांब. पण ती मामा घडघड वाचत जायचे आणि शेवटी खोकलाही यायचा नाही. मला हे कोडं बरेच दिवस सुटलं नाही. मग एका रात्री दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. पहिल्याची वाक्यं एकात एक कोंबलेली. दुसऱ्याची एकामागं एक लागलेली.

तुमच्याच विषयातलं उदाहरण घेऊ. “घागर घेऊन, बोळ ओलांडून, हापशावर जाऊन, नंबर लावून, तासाभरानं रिकामीच परत आले.” लांब आहे, पण दमवत नाही. प्रत्येक ‘ऊन’ हे एक पाऊल आहे, आणि पावलं ज्या क्रमानं पडली त्याच क्रमानं लिहिली आहेत. आता हे बघा: “बोळाच्या पलीकडे असलेला हापसा, ज्यावर नंबर लावावा लागत असे, तेथे ती बाई, जिच्या हातात घागर होती, गेलेली होती.” अंतर तेवढंच, पण दर दोन पावलांना कुणीतरी पदर ओढतंय. मधेच घुसणारे हे ‘जो’, ‘जी’, ‘ज्यावर’ आपल्या बोलण्यातले नाहीत. आपला ‘जो’ वाक्याच्या तोंडाशी येतो आणि लगेच ‘तो’ला गाठतो. जो आधी येईल त्याचा नंबर. किती झुलतं हे वाक्य! झोक्यासारखं, एकदा पुढं, एकदा मागं.

तुमच्या पहिल्या खर्ड्यातलं एक वाक्य इथं उतरवते, रागावू नका:

“२०१६ साली एप्रिल महिन्यात लातूर शहरामध्ये भीषण पाणीटंचाईची परिस्थिती निर्माण झालेली होती व त्यामुळे शासनाच्या वतीने मिरज येथून रेल्वेद्वारे पाणीपुरवठा करण्याचा निर्णय घेण्यात आलेला होता व मी सुद्धा माझ्या मुलीसोबत, जी त्यावेळी आठवीमध्ये शिकत होती, सदर गाडी पाहण्यासाठी स्टेशनवर गेलेलो होतो व तेथे वाघिणींमधून गळणारे पाण्याचे थेंब माझी मुलगी मोजत असताना मला जुन्या गोष्टी आठवत होत्या.”

‘झालेली होती’, ‘घेण्यात आलेला होता’, ‘गेलेलो होतो’. एका दाराला दोन दोन कड्या. ‘झाली’, ‘घेतला’, ‘गेलो’ एवढ्यानं भागतं. हा दोष तुमचा नाही म्हणा, बावीस वर्षांच्या पंचनाम्यांचा आहे. ‘आम्ही खाली सह्या करणारे पंच’ इथून निघालेलं वाक्य थेट सह्यांपाशी थांबतं. मला तर वाटतं ते मुद्दाम तसं असतं, मधे कुणाला बोट घालायला फट राहू नये म्हणून. पीकविम्याच्या भांडणात त्याचा उपयोग होत असेल. लेख वाचणारा भांडायला आलेला नसतो, त्याला फट लागते.

खरं दुःख मला वेगळंच झालं. आठवीतली पोर पाण्याच्या गाडीतून गळणारे थेंब मोजत्येय, हे तुमच्या अकरा पानांतलं सगळ्यात मोलाचं. ते तुम्ही ‘असताना’च्या पोटात घातलं आणि वाक्याचा मान ‘जुन्या गोष्टीं’ना दिला. मी स्वतः पहिल्या वाचनात ते ओलांडून पुढं गेले होते. दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचताना ठेचकाळले, तेव्हा दिसलं.

मराठीत क्रियापदाच्या अगदी अलीकडची जागा मानाची असते. “लातूरला पाणी रेल्वेनं आलं.” “रेल्वेनं पाणी लातूरला आलं.” “रेल्वेनं लातूरला पाणी आलं.” शब्द चारच, पण पहिल्यात नवल रेल्वेचं, दुसऱ्यात लातूरचं, तिसऱ्यात पाण्याचं. बोलताना आपण हे न चुकता करतो. लिहायला बसलो की पेन सरळ कर्ता-कर्म-क्रियापदाच्या रांगेत उभं राहतं. आणि क्रियापदाच्या पलीकडंही जागा आहे बरं का, ओसरीवर बसल्यासारखी. “पाणी आलं, रेल्वेनं.” “गेलो आम्ही, गाडी बघायला.” काहीतरी सांगून झाल्यावर सहज आठवलं म्हणून बोलावं तसा हा सूर असतो. तुमच्या ‘होते’च्या रांगेतून सुटायची ही एक वाट.

दुसरी वाट आणखी सोपी, आपल्या भाषेनं फुकट दिलेली. ‘आहे’ आणि ‘होता’ टाकूनच द्या. “नळ कोरडे. विहिरी कोरड्या. मांजरा धरणाच्या तळाला भेगा.” क्रियापद नाही तरी वाक्य पूर्ण आहे, कुणाचं काही अडत नाही. तीन वेळा करा, चौथ्यांदा मात्र पूर्ण वाक्य येऊ द्या, नाहीतर ती किराण्याची यादी होते. रोजच्या रोज घडायचं त्याला ‘यायचा’, ‘धावायच्या’, ‘भांडायची’ वापरा. ‘येई’, ‘धावत’, ‘भांडे’ ही रूपं सुंदर आहेत, पण आता लिखाणात ती थोडी नटल्यासारखी दिसतात. मला आवडतात, म्हणून मी चोरून एखादं वापरते. वर्तमानकाळही चालतो, प्रसंग भरात आला की: “टँकर वळतो. रांग मोडते.” अकरा पानं वर्तमानकाळात लिहिलीत तर मात्र क्रिकेटची कॉमेंटरी होईल.

आणि एक वाट आपल्या घरातलीच आहे, ती तुम्ही का टाळलीत कळत नाही. तुमच्या लेखातली शेजारीण म्हणते, “आज पाणी येण्याची शक्यता कमी आहे.” लातूरच्या गल्लीत, डोक्यावर रिकामी घागर असताना, कोण बाई असं बोलेल? ती म्हणेल, “आज काय येत नाही बघा पाणी.” बघितलंत, ‘पाणी’ क्रियापदाच्या मागं जाऊन बसलं आणि वाक्याला हेल आला. “काय करायलाव इथं?” “लोकं उगं भांडायलेत.” आपल्याकडच्या ‘यलाव’, ‘यलेत’मधे ‘करत आहात’, ‘भांडत आहेत’ची दोन शब्दांची ओढाताण एका शब्दात मिटते. सगळा लेख बोलीत लिहा असं म्हणत नाही. पण माणसं त्यांच्या तोंडानं बोलली की दर दीड पानाला तुमच्या सुराला आपोआप विसावा मिळेल. जमावबंदीचंही तसंच. “पाणवठ्यांच्या परिसरात जमावबंदीचे आदेश जारी करण्यात आलेले होते” असं लिहिलंय तुम्ही. टाकीजवळ पाच जण जमायचे नाहीत, असा हुकूम. एवढं लिहिलं तर वाचणारा दचकेल, कारण पाण्यासाठी पोलिसांचं कलम लागावं ही दचकण्याचीच गोष्ट होती.

आता तुमचा मूळ प्रश्न, गद्यात लय कुठून आणायची. ती आणावी लागत नाही, तुमच्या कानात आहे. माझी आजी गंगाखेडकडची, जनाबाईंच्या गावची म्हणून तिला कोण अभिमान. पहाटे जात्यावर बसायची. जात्याच्या फेऱ्यावर ओवीची ओळ बेतलेली असते आणि दळणारीच्या श्वासावर फेरा. ओळ श्वासाहून लांब झाली तर खुंटा हातातून सुटेल. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा सहा अक्षरांचे आणि चौथा चारच अक्षरांचा असतो. ज्ञानेश्वरांच्या ओवीतही शेवटचा चरण आखूड, म्हणून तिला साडेतीन चरणांची म्हणतात. तीन पावलं चालायचं, चौथं अर्धं टाकायचं. तिथं टाळ पडतो, गाणारा दम घेतो, ऐकणारा मान हलवतो. ज्ञानेश्वरांचं आपेगाव, एकनाथांचं पैठण, नामदेवांचं नरसी, सगळं आपल्याच मुलखात. इथल्या माणसाचा कान सातशे वर्षं या मापावर घडलेला आहे. तुमच्या लेखात चार लांब वाक्यं ओळीनं आली आणि पाचवंही लांबच आलं, की लेकीचा कान म्हणतो, अगं, टाळ कुठंय?

एक धोका आत्ताच सांगून ठेवते, कारण तुमच्या दुसऱ्या खर्ड्यात तो दिसायला लागलाय. लांब वाक्यांनंतर आखूड वाक्य उठून दिसतं हे कळलं की माणसाला त्याची चटक लागते. मग प्रत्येक परिच्छेद एका टाळीच्या वाक्यावर संपायला लागतो. “आणि मग पाणी आलं.” “तो दिवस वेगळाच होता.” “पाणी म्हणजे जीवन.” सहा परिच्छेद असे संपवलेत तुम्ही, मी मोजले. आमच्या गावच्या सप्ताहात एक बुवा आले होते, दर दोन मिनिटांनी आवाज चढवून थांबायचे, टाळीसाठी. पहिल्या रात्री मांडव भरला. दुसऱ्या रात्री पुढच्या रांगेत आम्ही लहान मुलं आणि मृदंगवाला. आखूड वाक्य परिच्छेदाच्या मधेही टाकता येतं, सुरुवातीलाही येतं. काही परिच्छेद तर असेच संपू द्यावेत, काही न वाजवता, शेतातली वाट बांधापाशी संपते तसे.

परिच्छेदांकडं येते. पहिल्या खर्ड्यात अकरा पानांचे मिळून तीन परिच्छेद. दुसऱ्यात बहुतेक ठिकाणी दर वाक्याला वेगळा परिच्छेद, व्हॉट्सॲपवर सुविचार येतात तसा. दोन्हीला आजीच्या जात्याचं उदाहरण लागू पडतं. एका वेळी मूठभर ज्वारी वैरायची. जास्त घातली की जातं अडतं, ओढवत नाही. फार कमी घातली की दगडावर दगड घासतो आणि पिठात कच येते. तुमच्या दुसऱ्या खर्ड्यात ती कच लागली मला, दाताखाली.

मूठ केवढी, याचं माप नाही. पण एक लक्षात ठेवा. तुम्ही लिहिता फुलस्केपवर आणि लोक वाचतात मोबाइलवर. मोबाइलचा पडदा पेपरातल्या एका कॉलमएवढाच रुंद असतो. आमच्या वेळी नवखे वार्ताहर वहीच्या पानावर आठ ओळींचा सुबक परिच्छेद लिहून आणायचे आणि कॉलममधे बसल्यावर तो पंचवीस ओळींचा खांब व्हायचा. बघूनच डोळा खाली सरकायचा. तुमचा तीन पानी परिच्छेदाचा कडबा मोबाइलवर उघडून बघा एकदा, गंजी दिसेल.

तोडायचं कुठं? जिथं मजकुरात जागा बदलली, वेळ बदलली किंवा बोलणारा बदलला. दुसऱ्या पानावर तुम्ही मांजरा धरण, पाऊसमान, टक्केवारी सांगत सांगत एका स्वल्पविरामानं भाड्याच्या खोलीत शिरता, जिथं बायको भांडी राखेनं घासायला लागली होती. तो स्वल्पविराम म्हणजे धरणापासून न्हाणीघरापर्यंतची उडी आहे. तिथं ओळ सोडा. रिकामी ओळ वाचणाऱ्याला सांगते, चला, आता दुसरीकडं जायचंय.

पाचव्या-सहाव्या पानावरची टँकरची रांग मात्र तोडू नका. ती लांब आहे, लांबच राहू द्या. बादल्या, कळश्या, तेलाचे डबे, दोरीनं एकमेकांना बांधलेल्या घागरी, ऊन चढतंय, कुणाचं पोर रडतंय, कुणी नंबर राखायला दगड ठेवून गेलंय. हे सगळं एका परिच्छेदात एकामागं एक येऊ द्या. वाचणाऱ्यालाही थोडा वेळ त्या रांगेत उभं राहू द्या की. सगळीकडं सोय केलीच पाहिजे असं नाही.

आकड्यांचं थोडक्यात. तुमच्याकडं खरे, नेमके आकडे आहेत आणि मला ते हवेत. पण तुम्ही ते एकाच वाक्यात ओतलेत: १२ एप्रिलला पहिली गाडी, १० वाघिणी, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, पुढं ५० वाघिणींची गाडी, २५ लाख लिटर. आकडा वाचताना डोळ्याला थबकावं लागतं. म्हणून एका वाक्यात एकच ठेवा, फार तर दोन, आणि त्याच्या मागं हलकं वाक्य द्या. “पहिल्या गाडीला वाघिणी १०. पाणी पाच लाख लिटर. एवढं पाणी शहराला किती वेळ पुरणार, याचा हिशेब रांगेतल्या बायकांनी बोटांवर करून टाकला.” असं काहीसं.

आता स्टेशनचा प्रसंग मी लिहिला असता तर कसा, ते देते. ही माझी चाल झाली, तुमची वेगळी असणार, तेव्हा उतरवून घेऊ नका.

“एप्रिल २०१६. लातूरचे नळ कधीचे कोरडे. आठवीतल्या लेकीला मोटारसायकलवर मागं बसवून, चौकातली रांग चुकवून, गल्लीबोळांतून स्टेशनकडं निघालो, मिरजेहून आलेली पाण्याची गाडी बघायला. वाघिणी रुळावर उभ्या. कडेला माणसं, काही हात जोडून, काही मोबाइलवर फोटो काढत. एका वाघिणीच्या तोटीतून पाणी गळत होतं, थेंब थेंब. मी लोकांशी बोलत राहिलो, कुठून आलात, किती दिवसांनी पाणी मिळतं, असं काहीबाही. परत निघताना बघितलं तर लेक वाकून उभी. थेंब मोजायलेली.”

एक ‘होतं’ ठेवलंय बघा, मुद्दाम. ते सगळे उपटून काढायचे नाहीत. आणि ‘जुन्या गोष्टी आठवत होत्या’ हे मी वगळलंय, कारण त्या कोणत्या ते तुम्ही सांगितलं नाही. बहात्तरचा दुष्काळ असेल तर तो वेगळा लेख आहे, तोही लिहा.

खर्डा दुरुस्त करताना स्वतः मोठ्यानं वाचू नका. आपलं लिखाण आपल्याला पाठ असतं, कुठं श्वास घ्यायचा ते आपण आधीच ठरवून बसतो. लेकीला वाचायला सांगा आणि तुम्ही शेजारी पेन्सिल घेऊन बसा, मी मामांसमोर बसायचे तशी. ती जिथं श्वास घेईल तिथं बारीक रेघ मारा. रेघ क्रियापदावर पडली तर हात लावू नका. वाक्याच्या मधेच पडली तर तिथं काहीतरी अडलंय. एकाच ओळीत तीन रेघा आल्या तर तिथं उचकी आहे, दोन वाक्यं पुन्हा जोडा. ती अडखळून मागं गेली तर तिथं शब्द बदला, बहुतेक वेळा तिथं ‘उपलब्धता’ किंवा ‘अनुषंगाने’ निघेल. एका बैठकीत दोन पानांपेक्षा जास्त वाचून घेऊ नका. आणि तिला मधेच “हे कसं वाटलं?” विचारू नका. चेहऱ्याकडं बघा फक्त.

तिसरा खर्डा झाला की पाठवा. त्यात एक गोष्ट मला हवी आहे. लेकीनं त्या दिवशी किती थेंब मोजले, हे तुम्ही दोन्ही खर्ड्यांत लिहिलेलं नाही. तिला आठवत असेल, विचारा.